वहिनी, आधी घसा माझा दुखला

वहिनी,

काल फ्लूची सुई घेतली. डाव्या हातात घेतली, आणि आज तो हात खांद्याच्या वर जात नाही. पोह्यांचा डबा वरच्या फळीवर. स्टूल ओढलं, मग त्यावर चढायची भीती वाटली, म्हणून डबा तिथेच राहू दिला आणि चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वन्सं, हाताचं कौतुक पुरे, व्हा बाजूला." तुझाही हात तेवढाच दुखत असता, कारण आपण दोघी नेहमी एकाच दिवशी, एकाच बाकावर बसून सुई घेत आलो. काल त्या बाकावर मी एकटी होते.

माणूस गेलं की त्याचे गुण सांगायची रीत आहे. तुझे मी सांगत बसत नाही. ते तुला ठाऊक होते आणि अधूनमधून तू मला ऐकवतही होतीस. मला वेगळंच सांगायचंय. तुझ्या मिलिंदला वाटत होतं, तुझं दुखणं त्याने पुण्याहून आणलं. त्याने नाही आणलं. तो यायच्या आदल्या दिवसापासून घसा माझा दुखत होता, आणि मी ते तुझ्यापासून लपवलं.

सांगितलं एकदाचं. आता नीट सांगते, नाहीतर तू मध्येच तोडशील आणि मी विषय बदलेन. आपलं नेहमी तसंच व्हायचं.

त्या करोनाच्या वर्षी मी दोन कप आणले, आठवतं? निळ्या काठाचा तुझा, पिवळ्या काठाचा माझा. दादा असल्यापासूनची आपली सवय म्हणजे मोठा एक कप चहा, मी दोन घोट घ्यायचे आणि उरलेला अर्धा तुझ्या बशीत ओतायचा. तू आख्खा कप कधी घेतलाच नाहीस. "मला अर्धाच" म्हणत तीस वर्षं काढलीस. ते दोन कप ओट्यावर ठेवले तेव्हा तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "म्हणजे वेगळं बिऱ्हाड केलंत." आणि दोन दिवस चहाच प्यायली नाहीस. मी तेव्हा चिडले होते. एवढ्याशा कपाचं काय मनाला लावून घ्यायचं, असं वाटलं होतं.

मी जरा जास्तच केलं, हे आता कबूल करते. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या. जवळच्या गास गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या मार्थाला दाराबाहेरच्या स्टुलावर भाजी ठेवायला लावली, आणि ती लांब गेल्यावर मी दार उघडायची. बिचारी पाच जिने चढून यायची आणि तिला पाणीही विचारता यायचं नाही. तू मागून मला ऐकू जाईल असं पुटपुटायचीस की, ही बाई एक दिवस देवालाही दाराबाहेर स्टुलावर ठेवील. तुझा मास्क कायम हनुवटीवर. मी ओरडले की म्हणायचीस, नाकाने काय पाप केलंय? चाळीस वर्षं एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते मी, माझा आवाज ऐकून पलीकडची माणसं सरळ बसायची. तू कधी बसली नाहीस.

एक नियम मात्र तू पाळलास. जिच्या घशात खवखव, तिने आधी बोलायचं. बोललं की मास्क, वेगळा कप आणि पाच दिवस आतली खोली. नियम माझा होता. त्या नियमाने तू दोनदा आतल्या खोलीत बसलीस आणि दाराआडून मला बांगड्याच्या कालवणात किती कोकम घालायचं ते सांगत राहिलीस. मी एकदाही बसले नाही. मला कधी काही झालंच नाही, असा माझा तोरा होता.

पहिल्या सुईला तू केवढा दंगा केलास! माझ्या आईने कुठे घेतली होती, म्हणालीस. मी म्हटलं, तुझी आई पन्नाशीच्या आत गेली. ती साप चावून गेली, असं तू म्हणालीस. मग मी विचारलं की तेव्हा वेळेवर सुई मिळाली असती तर? तू उठून आत गेलीस. मला वाटलं, फार लागलं तुला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तू मोतिया रंगाची चांगली साडी नेसून दारात उभी. "चला. पण एक अट आहे. दोन्ही सुया झाल्या की चहा परत एका कपात." मी ते मान्य केलं, आणि त्या दोन कपांत तू कोथिंबीर आणि लसूण लावलास.

पुढच्या प्रत्येक सुईला तू काहीतरी अट घातलीस. बूस्टरच्या वेळी तुला कळंबच्या समुद्रावर जायचं होतं. दोघींचे हात दुखत असताना रिक्षातून धक्के खात गेलो. सुरूच्या झाडांखाली बसलो आणि तू मास्क काढून पिशवीत टाकलास. समुद्रापासून कसला आलाय संसर्ग, म्हणालीस. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं, मग मीही काढला. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा विचारलंस की मी लग्न का केलं नाही. एका घरात इतकी वर्षं काढल्यावर! मी म्हटलं, राहून गेलं. तू पुढे काही विचारलं नाहीस, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवलास. त्याबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते.

यंदा जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसवून सांगितलं. या वयात फ्लूची सुई दरवर्षी घ्यायची, तुला साखर आणि दम्याचा त्रास म्हणून न्यूमोनियाचीही राहिलीय ती घ्यायची, आणि करोनाच्या बूस्टरचं तुझी साखर बघून ठरवू. मी घरी येऊन यादी फ्रिजवर लावली. तू यादी वाचलीस आणि म्हणालीस, "आत्ता नको. गणपती झाले की बघू."

आपल्या कोकणातल्या माणसांचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललंय. घराचा रंग, मोतीबिंदूचं ऑपरेशन, भावाभावांतली भांडणं, मुलीला आलेलं स्थळ, सगळं गणपती झाले की. दादा गेल्यावर गावी जाणं सुटलं आणि गणपती या नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये आले, पण वाक्य तेच राहिलं. तुझं कारणही तयार होतं. गेल्या वर्षी सुईनंतर हात दोन दिवस आखडला होता, अंगात कसर होती. "हात आखडला तर उकड कोण मळणार? तुम्ही?" मी मळलेली उकड चिरते हे बिल्डिंगभर माहीत आहे. उकड तुझी आणि पाकळ्या माझ्या, अशी आपली वाटणी. मास्कवरून तुझ्याशी सकाळ-संध्याकाळ भांडणारी मी या एका गोष्टीवर भांडले नाही. मलाही तुझ्याच हातची उकड हवी होती. आणि एकीने एकटीने जाऊन घ्यायची नाही असं ठरलेलं, म्हणून माझीही राहिली. ही चूक दोघींची, अर्धी-अर्धी.

पुढची माझी एकटीची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मी विळीवर बसून नारळ खवत होते. घशात खवखवायला लागलं. प्रथम वाटलं खोबऱ्याचा कीस गेला असेल. चारला तू चहा आणलास, एक कप, एक बशी. तेव्हा मला फक्त "माझा वेगळा" एवढं म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर माझ्याच नियमाने मी आतल्या खोलीत गेले असते, मास्क लावून, पाच दिवस. मोदकांना हात लावायचा नाही, मुलांना जवळ घ्यायचं नाही. वहिनी, वर्षभर या घरात आपल्या दोघींचेच आवाज असतात. त्या पाच दिवसांत मिलिंदच्या मुली "आत्याआजी, मला शिकव ना" म्हणत मांडीला मांडी लावून बसतात. आपल्या पोटचं कुणी नसलेल्या बाईला ते काय असतं, ते तुला सांगता आलं नसतं. मला तो गोंगाट दाराआडून ऐकायचा नव्हता. मी दोन घोट घेतले आणि उरलेला अर्धा रोजच्यासारखा तुझ्या बशीत ओतला.

नंतर बाथरूममध्ये जाऊन मिठाच्या गुळण्या केल्या, तुला आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून. तू बाहेरून ओरडलीस की नळ बंद करा, आज टँकर आलेला नाही. मी म्हटलं, पाय धुतेय.

मिलिंद दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तिसऱ्या दिवशी तो खोकायला लागला, तोपर्यंत माझा घसा मोकळा झाला होता. तो लपवणाऱ्यातला नाही. मोठ्याने खोकायचा, शिंकायचा, आणि तू त्याला सुंठ-गूळ भरवत होतीस, पन्नाशीला आलेल्या मुलाला. दुपारी तो तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मी ते पाहिलं आणि मला हायसं वाटलं. किती वाईट आहे बघ हे, पण वाटलं खरं. मनात म्हटलं, आता काही झालं तरी खोकला त्याचा आहे.

गौरी-गणपती गेले, मुलं गेली, आणि दोन दिवसांनी तुझं अंग तापलं. मग दम लागला. मग वसईचं हॉस्पिटल. चौथ्या दिवशी मला पाच मिनिटं तुझ्याजवळ सोडलं. तुझ्या नाकाला नळी होती, पण डोळे नेहमीसारखे, मला हसणारे. मी सांगायचं ठरवून आले होते. तुला नीट ऐकू जावं म्हणून मी तोंडावरचा मास्क खाली ओढला, आणि तू हात उचललास. सलाईन लावलेला तो हात हलवून तू मला खूण केलीस आणि म्हणालीस, "वन्सं, मास्क वर करा. तुम्हाला लागेल."

मी मास्क वर केला. बोलले नाही. नवव्या दिवशी तू गेलीस.

इतकी वर्षं मी तुला ज्या वाक्याने छळलं, ते तू मला शेवटचं परत दिलंस, तेही रागावून नाही, काळजीने. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेपासून म्हणत आले होते. ती माझ्यावर इतकी बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

दहाव्याला तळ्याकाठी विधी चालू असताना मिलिंद माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आत्या, मीच आणलं. तिच्या मांडीवर झोपलो होतो मी." मी म्हटलं, असं काही नसतं रे. हे वाक्य खोटं नव्हतं म्हणून मी स्वतःला सोडवून घेतलं. पण खरंही नव्हतं. त्या वेळी मला दुसरं वाक्य सांगता आलं असतं, आणि ते मी गिळलं.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी फोन करायचा. आत्या, जेवलीस का, मास्क लावून जातेस ना, सुई कधी घेतेस. मी टाळत राहिले. बैल गेला नि झोपा केला, असली सुई घेऊन काय करायचं? आणि कुणासाठी घ्यायची? पूर्वी तुला लागू नये म्हणून मी हात धुवायची, मला लागू नये म्हणून तू धुवायचीस, निदान मी ओरडायचे म्हणून तरी. आता बाहेरून आले की नळाखाली हात धरून उभी राहते आणि कळत नाही की हे कशासाठी चाललंय. मग सुनबाईचा फोन आला. म्हणाली, हे घरात वेगळे बसतात. जरा ठसका लागला तरी मुलींना खोलीबाहेर काढतात. ताट घेऊन गॅलरीत जेवतात. हात धुऊन धुऊन कातडी सोलवटलीय. तिला वाटलं, मी काही समजूत घालीन. समजूत घालायला मीच मिळाले तिला.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि आमच्या एका शेजारणीची गोष्ट म्हणून सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाकडून आलं हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, त्या आठवड्यात अख्ख्या बिल्डिंगला खोकला होता. सुई घेतली म्हणून आजार येतच नाही असं नाही, पण आला तर इतका वाढण्याचा धोका कमी होतो, म्हणून या वयात टाळायची नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, त्या शेजारणीला सांगा, सुई घ्या आणि रात्री झोपत जा. मी बरं म्हटलं आणि चप्पल शोधायला लागले.

खरं ढकललं मला मार्थाने. ती केळी आणि मुळ्याची भाजी घेऊन आली. आता मी तिला घरात बसवते, पाणी देते. तुझं नाव काढून ती डोळे पुसत होती. मी म्हटलं, मार्था, माझ्याकडून एक चूक झालीय. काय ते सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. टोपली सावरत म्हणाली, "आमी देवळात फादरला सांगून टाकतो, बाय. तुमच्यात कोनाला सांगतात?"

आपल्यात कुणाला सांगतात, वहिनी? मी तरी आयुष्यभर तुलाच सांगत आले.

काल मिलिंद सुट्टी घेऊन आला, मला न विचारता. रिक्षात माझा हात धरून बसला होता. तुला तरी काही होऊ देणार नाही, म्हणाला. त्याचे हात खरंच सोलवटलेत गं. दवाखान्यात नर्स कागद घेऊन आली, चाळिशीची असेल, घाईत होती. ॲलर्जी आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, असं विचारत गेली. मग म्हणाली, मागच्या दोन महिन्यांत ताप, सर्दी, घसा असं काही? मी तोंड उघडायच्या आत मिलिंदच बोलला.

"नाही, आत्याला काही झालं नव्हतं. ती सगळं पाळते."

एवढं ऐकल्यावर मला गप्प बसता येईना. मी म्हटलं, "मला झालं होतं. मिलिंद, तू यायच्या आदल्या दिवशीच माझा घसा धरला होता."

नर्सचं पेन थांबलं. मिलिंदने अगदी हळू विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही. मी तिला कळू दिलं नाही."

नर्सने आमच्या दोघांकडे पाहिलं, आता काही त्रास नाही ना आजी, असं विचारलं आणि कागदावर काहीतरी लिहून माझी बाही वर केली. सुई कधी गेली ते कळलंही नाही. नंतर अर्धा तास बसायला सांगतात ते बसले. मिलिंद बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. वेळ संपल्यावर आत आला, माझी पिशवी घेतली, मला जिना चढवून वर आणलं. पाण्याचं पिंप भरून ठेवलं. जेवला नाही. संध्याकाळच्या आत निघून गेला. मी अडवलं नाही.

आज सकाळी सुनबाईचा फोन होता. म्हणाली, तुम्ही काय सांगितलंत त्यांना? आज मुलींबरोबर टेबलाशी बसून नाश्ता केला. धाकटीने त्यांच्या ताटातलं धिरडं पळवलं, तर काही बोलले नाहीत. मी म्हटलं, काही नाही गं, तुझ्या सासूच्या चार गोष्टी निघाल्या. पुन्हा खोटं बोलले. पण ते त्याने त्याच्या वेळेला सांगावं, असं वाटलं.

त्याचा स्वतःचा फोन आलेला नाही. मी आज दिवसभर फोन हाताशी ठेवलाय, अंघोळीला जातानाही दाराशी ठेवून गेले. सातला यायचा, तो आला नाही. उद्या येईल, नाहीतर येणार नाही. रागावण्याचा हक्क आहे त्याला. मला त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिलं तर तू ओळखशील. वाटतं, फार वाटतं. या घरात आता मला आत्या म्हणणारा तेवढा एकच आवाज यायचा.

हात ठणकतोय. डॉक्टरीणबाईंनी माझीही न्यूमोनियाची सुई पुढच्या महिन्यात ठेवलीय. तीही घेईन. बाहेर जाताना मास्क लावीन, साबणाने हात धुवीन, खोकला आला तर ज्याला सांगायचं त्याला सांगेन. जिन्यात खालच्या मजल्यावरचे म्हातारे जोशी असतात, मार्था असते. एवढी माणसं अजून आहेत.

शेवटी एक वाक्य लिहिणार होते, वहिनी. तू असतीस तर सगळ्यात आधी तुला सांगितलं असतं, असं. लिहून पाहिलं आणि खोडलं. तू होतीस, समोर बशी धरून बसली होतीस, तेव्हाच तर मी सांगितलं नाही.